पहाणीवरचं नाव

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तेरा भावंडं गुलबर्गा जिल्ह्यातल्या निंबर्ग्याच्या वाड्यात जमायचो. सख्खी, चुलत, आते, मामे हा भेद आजीच्या हिशेबात नव्हता. ताटं मांडताना ती नुसती ‘तेरा’ म्हणायची. दुपारभर शहाबादी फरशीवर लोळायचं, ऊन कललं की माळवदावर पाणी मारून अंथरुणं टाकायची आणि मधल्या वेळात अण्णा सांगेल ते करायचं. अण्णा म्हणजे थोरल्या काकांचा थोरला. गुलबर्ग्याला होस्टेलात राहून कॉलेज करायचा आणि येताना दरवेळी एखादं नवं खूळ घेऊन यायचा. १९७९ च्या मे महिन्यात त्याने हस्तलिखित आणलं. म्हणजे कल्पना त्याची. मेहनत माझी, कारण तेरांमध्ये माझं अक्षर घोटीव होतं.

फुलस्केप कागद, ब्रिलची निळी-काळी शाई, मुखपृष्ठावर आत्याने काढलेली ठिपक्यांची रांगोळी आणि पोतं शिवायच्या दाभणाने घातलेली शिवण. दहा वर्षांत दहा अंक निघाले. संपादकीय अण्णाचं, त्यात ‘सीमाभागातील मराठी बांधवांनो’ अशी सुरुवात ठरलेली, आणि बांधव म्हणजे आम्ही बारा. आत्याची शेंगाचटणी दरवर्षी नव्या शीर्षकाखाली. पण अंक वाचला जायचा तो आमच्यातल्या बापूच्या रहस्यकथेसाठी. आळंदच्या बाजारात एका अडत्याचा खून होतो, आणि तुरीच्या पोत्यात रक्ताने माखलेली चावी सापडते. ही कथा १९८१ ला सुरू झाली आणि वर्षाला एक हप्ता, अशी ‘क्रमशः’ चालली. खुनी कोण ते कळायला आम्हाला तीन वर्षं वाट पाहावी लागली.

अडचण एकच होती. अंकाची प्रत एक. जून लागला की तो पाहुण्यासारखा गावोगाव निघायचा. आळंद, उमरगा, लातूर, सोलापूर, हैदराबाद. प्रत्येकाने वाचून शेवटच्या पानावर सही करायची, तारीख टाकायची, आणि त्या बाजूला जाणारं कुणी भेटलं की त्याच्या पिशवीत घालून पुढे पाठवायचा. दिवाळीपर्यंत तो वाड्यात परत यायचा, हळदीचे डाग आणि चहाचे गोल घेऊन. १९८४ चा अंक मात्र परत आला नाही. उमरग्यापर्यंत पोहोचला होता याला साक्षीदार आहेत. त्यानंतरची सही कुणाची, यावर आमच्यात चाळीस वर्षं वाद चालू आहे. कथेचा शेवटचा हप्ता त्याच अंकात होता.

नंतर सगळे पांगले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने वाड्याच्या मागच्या भिंतीला हातभर तडा दिला, त्यानंतर माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. सुटीत येणं कमी झालं. मी सोलापूरला दिल्या घरी. अण्णा बँकेत, त्याच्या बदल्या. बापू सोलापुरात छापखान्यात डीटीपी करायचा, लग्नपत्रिकांपासून थकबाकीच्या नोटिसांपर्यंत सगळं. आणि आत्याचा मुलगा, ज्याला आम्ही आजही ‘धाकटा’च म्हणतो, तो बंगळूरला संगणकात गेला.

मे २००६ मध्ये धाकट्याने सगळ्यांना कळवलं, की आता अंक परत काढायचा, पण प्रत एक असली तरी सगळ्यांनी एकाच वेळी वाचायचा. तेव्हा मराठीत ब्लॉग हा शब्द नवा होता. ‘मनोगत’ आणि त्याआधीची ‘मायबोली’ या संकेतस्थळांमुळे पडद्यावर देवनागरी वाचायची सवय मोजक्या लोकांना लागली होती, पण आपल्या घरचं लिखाण तिथे दिसू शकतं हे आमच्या कल्पनेत नव्हतं. ब्लॉगस्पॉटवर जागा फुकट. नाव टाका, साचा निवडा, लिहायला बसा.

लिहायला बसल्यावर कळलं की लिपी हाच पहिला घाट आहे. आमच्या घराला लिप्यांचं वावडं कधीच नव्हतं. पणजोबांचं दप्तर मोडीत. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले, म्हणून त्यांच्या पावत्या उर्दूत. १९५६ च्या १ नोव्हेंबरला गुलबर्गा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि धाकट्या काकांपासून कन्नड आलं. आम्ही बाहेरगावी शिकलेले, म्हणून देवनागरी. एका कपाटात चार लिप्या सुखाने नांदत होत्या. संगणकात एकीचीच पंचाईत. बापूने हौसेने जुने तीन अंक छापखान्यात बसून श्रीलिपीत टाइप करून ठेवले होते. ते ब्लॉगवर चिकटवले तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं यांची भेळ दिसली. “माझ्या मशीनवर नीट दिसतंय की!” हे बापूचं वाक्य तेव्हाच्या प्रत्येक मराठी डीटीपीवाल्याने एकदा तरी उच्चारलं असेल. त्याचा फाँट त्याच्या मशीनपुरता. बाहेर जगाला कळते ती युनिकोडची भाषा.

तोडगा निघाला तो बरह नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधून. एका कन्नड माणसाने १९९८ साली मुळात कन्नडसाठी केलेलं. ‘बरह’ म्हणजे कन्नडमध्ये लिखाण. त्यात देवनागरीही होती. निंबर्ग्याच्या मराठी घराने पहिली मराठी नोंद कन्नड नावाच्या हत्यारावर लिहिली, यात आम्हाला काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी आणि येळ्ळ अमावस्येची भज्जी यांचीही जात कुणी विचारत नाही. मी सोलापुरात तासाला वीस रुपये देऊन सायबर कॅफेत बसले आणि आजीने सांगितलेली तिच्या लग्नाची हकीकत टाइप केली. दोन पानांना अडीच तास लागले. कॅफेवाला मुलगा मधून मधून येऊन बघायचा. शेवटी म्हणाला, “काकू, हे मराठीतच दिसायलंय की ओ!”

तीन आठवडे झाले असतील. जुलैत मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, आणि त्यानंतर काही दिवस ब्लॉग उघडेचना. सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली होती, इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. हे कारण आम्हाला नंतर कळलं. तोपर्यंत घरात निराळीच धांदल. लातूरच्या मावशीचा अण्णाला फोन, “त्या संपादकीयात तू कायतरी सीमाप्रश्नाचं लिहिलंस बघ.” अण्णाने दोन दिवस फोन उचलला नाही.

पुढच्या सुटीत धाकट्याने लॅपटॉप निंबर्ग्याला आणला. आजी तेव्हा शहाऐंशीची. डोळ्यांना दिसत होतं, पण पडद्यावरचं नको म्हणायची. तिला तिची हकीकत वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी एकालाही वर्षभरात सुचला नव्हता.

“हे ठेवलायस कुठं?”

“अमेरिकेत, आजी. एका कंपनीच्या मशीनवर.”

“पैसे किती घ्यायलेत?”

“फुकट.”

आजी गप्प बसली. मग म्हणाली, “आपली ज्वारी दुसऱ्याच्या बळदात कोण ठेवतं का रे? त्याने उद्या दार लावलं तर?”

बळद म्हणजे भिंतीच्या पोटातलं धान्याचं कोठार. आमच्या वाड्यात दोन होती. त्या वाक्याने धाकट्याच्या डोक्यात जो किडा सोडला तो २००९ च्या दिवाळीत बाहेर आला. त्या दिवाळीला आजीचं म्हणणं खरं करणारी एक घटनाही घडली. जिओसिटीज या फुकट घरं वाटणाऱ्या जुन्या वसाहतीला तिच्या मालकाने कायमचं टाळं ठोकलं. लाखो लोकांची पानं गेली. धाकट्याने जाहीर केलं, की आपली जागा घ्यायची. स्वतःचं नाव, स्वतःचं होस्टिंग.

हे दोन शब्द त्याने आम्हाला ओसरीवर समजावले, ते माझ्या अजून लक्षात आहेत, कारण त्यात आजीने अर्धा वाटा उचलला. डोमेन म्हणजे पत्ता. होस्टिंग म्हणजे ज्या मशीनवर आपलं लिखाण प्रत्यक्ष पडून असतं ती जागा. पत्ता एकाकडून घेता येतो, जागा दुसऱ्याकडून. मग पत्त्याच्या पाटीवर जागेचा ठिकाणा लिहायचा, त्याला नेमसर्व्हर म्हणतात. उद्या जागा बदलली तर फक्त पाटीवरचा ठिकाणा बदलायचा. येणाऱ्याला काही कळत नाही. “आणि होस्टिंग म्हंजे?” आजीने परत विचारलं. तिला ‘होस्टेल’ ऐकू आलं होतं. धाकटा हसला आणि म्हणाला, “होस्टेलच म्हण.” अण्णा राहायचा तसलं. इमारत एक, खोल्या शंभर, महिन्याचं भाडं. यालाच शेअर्ड होस्टिंग म्हणतात, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला तेच पुरतं. फक्त शेजारच्या खोलीतल्याने रात्रभर रेडिओ लावला की आपली झोप गेली. म्हणजे शेजारच्या साइटवर गर्दी झाली की आपलं पान उघडायला वेळ लागणार.

आजोबा जन्मभर एकाच खोलीत झोपले आणि तीन राज्यांत राहिले, हैदराबाद, म्हैसूर आणि कर्नाटक. पुढे २०१४ ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, २०१९ ला हैदराबाद-कर्नाटकचं कल्याण कर्नाटक. घर हललं नाही, पाकिटावरचा मजकूर चारदा बदलला. संगणकात बरोबर उलटं आहे. घर कितीदाही हलवा, पाकिटावरचा मजकूर तोच ठेवता येतो. मला डोमेन ही गोष्ट तिथे कळली. अण्णाला अजून पूर्ण कळलेली नाही.

तर, वाड्याच्या नावाचं डॉट कॉम घेतलं. इंग्रजी स्पेलिंगवरून एक आठवडा गेला; ‘निंबर्गा’त अनुस्वाराला एम की एन, आणि शेवटी ए एक की दोन. होस्टिंग घेतलं ते जाहिरातीत ‘अमर्याद’ लिहिलं होतं म्हणून. हा शब्द कुणी विकायला लागला की बारीक अक्षरं वाचावीत, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हतं. जागा अमर्याद, पण फायलींच्या संख्येला मर्यादा. पहिल्या वर्षाचा भाव ठळक, दुसऱ्या वर्षाचा तळटीपेत, आणि तो अडीचपट.

मुळात आपल्याला जागा लागते किती? हा हिशेब मी पुढे केला, तो इथेच सांगते. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘निंबर्गा’ या शब्दात काना, वेलांटी, अनुस्वार आणि रफाराची मोडणी धरून आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. हजार शब्दांचा लेख साधारण अठरा किलोबाइट. मोबाइलने काढलेला एक फोटो साडेतीन मेगाबाइट. त्यात असे दोनशे लेख बसतात. आमच्या दहाही हस्तलिखितांचा सगळा मजकूर दोन फोटोंच्या जागेत मावतो. तेव्हा शंभर गिगाबाइटच्या जाहिरातीला भुलण्याचं लिहिणाऱ्या माणसाला कारण नाही. फोटो लहान करून चढवावेत, एवढं पथ्य पाळलं की सगळ्यात स्वस्त खोलीही मोठी पडते.

वर्डप्रेस चढवलं. ते २००३ पासूनचं, फुकट आणि कुणालाही वापरायला मोकळं. धाकट्याने जुना ब्लॉग उचलून नव्या जागेत ओतला आणि आम्हा सगळ्यांना फोन केले, उघडा म्हणून. उघडलं. शीर्षकं प्रश्नचिन्हांची. लेख प्रश्नचिन्हांचे. आजीचं लग्न, आत्याची शेंगाचटणी, सगळीकडे ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हं. बापू म्हणाला, “माझ्या रहस्यकथेला शोभतंय.” दोन रात्री धाकटा झोपला नाही. शेवटी दोषी सापडला. लिखाण ज्या डेटाबेसात साठतं त्या मायएसक्यूएलची कंपनी मूळची स्वीडनची, आणि त्यामुळे काही वेगळं सांगितलं नाही तर तो अक्षरं लॅटिन धरून चालायचा आणि त्यांची क्रमवारी स्वीडिश वर्णमालेनुसार लावायचा. निंबर्ग्याची मराठी स्वीडिश चौकटीत बसेना. चौकट यूटीएफ-८ केली आणि मजकूर नव्याने ओतला. प्रश्नचिन्हं झालेला मजकूर मात्र परत अक्षरात येत नाही. मूळ प्रत हाताशी असेल तरच सुटका. तेव्हा ती होती. धाकट्याने सगळं सुरळीत झाल्यावर जुना ब्लॉगस्पॉटचा ब्लॉग काढून टाकला. दोन-दोन घरं झाडायची कशाला, असं म्हणाला.

पुढची काही वर्षं आमची चैनीची होती. मराठी ब्लॉगांना तेव्हा बहर होता; एका वृत्तवाहिनीने ‘ब्लॉग माझा’ नावाची स्पर्धाही घेतली होती. आम्ही त्यात भाग घेतला नाही, कारण नाव कुणाचं द्यायचं यावर एकमत झालं नाही. आमच्या साइटवर लग्नं लागली, बारशी झाली, अण्णाने निवृत्तीचं भाषण तीन भागांत टाकलं. मोडी लिपी २०१४ ला युनिकोडमध्ये आली तेव्हा बापूने पणजोबांच्या दप्तरातल्या एका ओळीवर महिनाभर लेखमाला चालवली. त्या ओळीत एका बैलाचे राहिलेले पैसे होते.

मी माझं काम चालू ठेवलं होतं. आजीला पडदा नको, म्हणून प्रत्येक नवी नोंद मी अठरा पॉइंटमध्ये छापून घ्यायचे, पंच मारून फायलीत लावायचे आणि वाड्यात पाठवायचे. आजी २०१३ ला गेली. नंतरही माझा हात थांबला नाही. फायली सहा झाल्या. घरचे म्हणायचे, संगणकावर आहे ते कागदावर कशाला? मला उत्तर देता यायचं नाही. हस्तलिखिताच्या वेळची खोड असावी.

ऑक्टोबर २०२१. करोनातून सगळे नुकते बाहेर येत होते. एका सकाळी लातूरच्या भाचीचा फोन आला, की आपल्या साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसतायत. मी उघडून पाहिलं तर नुसतंच ‘मुदत संपली’ असं लिहिलेलं होतं, जाहिरातींच्या गराड्यात. धाकट्याला फोन केला. तो तेव्हा नोकरी बदलून तिसऱ्या कंपनीत. डोमेन त्याने २००९ ला पहिल्या कंपनीच्या ईमेलवरून घेतलं होतं. ती कंपनी सुटली, तो ईमेल बंद झाला, सूचना त्या बंद पत्त्यावर जात राहिल्या. पैसे कार्डातून दरवर्षी आपोआप कापले जायचे म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला. तुमच्या नव्या संमतीशिवाय कार्डातून असे पैसे आपोआप कापता येईनात. नियम चांगलाच. आमचे पैसे मात्र त्या महिन्यात अडकले.

मुदत संपली म्हणजे लगेच गेलं असं नसतं. डॉट कॉमला आधी काही आठवडे सवलतीचे मिळतात, ते विकणाऱ्यावर अवलंबून. मग तीस दिवस असे, की नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट दंड भरून सोडवून घेता येतं. मग पाच दिवस, आणि नंतर ते बाजारात मोकळं. आमच्याकडे वेळ होता, पैसेही जमले असते. नव्हता तो पुरावा. विकणाऱ्याच्या वहीत मालक म्हणून एक बंद ईमेल होता, आणि जो त्या ईमेलचं पत्र उघडेल तो मालक. धाकट्याने आधार कार्ड पाठवलं, जुनी पावती पाठवली. उत्तरं येत राहिली, सगळी नम्र, सगळी सारखी. दिवस संपले. आता त्या पत्त्यावर कोण राहतं ते मी परत बघितलेलं नाही.

आणि होस्टिंगही तिथलंच, त्याच खात्यात, त्याच कार्डावर. तेही मुदतीनंतर पुसलं गेलं. बॅकअप रोज घेतला जात होता. तो त्याच होस्टिंगवर साठत होता.

याच सुमारास वाड्याच्या वाटणीच्या कामासाठी मी आळंदला गेले होते. तहसील कचेरीत भूमी केंद्राच्या खिडकीपुढे रांग. महाराष्ट्रात जो सातबारा, ती आमच्याकडे पहाणी. कर्नाटकाने २००० च्या सुमारास त्या सगळ्या संगणकावर घेतल्या, तेव्हा पंधरा रुपयांत छापील पहाणी मिळायला लागली आणि तलाठ्याच्या हातची वही मागे पडली. आमच्या घरात संगणकाला पहिल्यांदा मान मिळाला तो त्या खिडकीमुळे. थोरले काका तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचे. पुढच्या रांगेत एक म्हातारा भांडत होता, की शेत माझ्या बापाने कसलं, मी कसतो. खिडकीतला मुलगा शांतपणे म्हणाला, “मामा, कसणारा कोण ते नाही बघायचं. पहाणीवर नाव कुणाचं?”

धाकट्याला आलेल्या दहा नम्र पत्रांचा अर्थ मला त्या एका वाक्यात कळला.

माझं नाव पहाणीवर नव्हतंच म्हणा. २००३ साली मी हक्कसोड करून दिलं होतं, खुशीने, आणि भावांनी इरकल नेसवून पाठवणी केली होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. इरकल अजून आहे.

दोनशे चौदा नोंदींपैकी माझ्या फायलींत एकशे ब्याऐंशी निघाल्या. उरलेल्यांसाठी धाकटा वेबॅक मशीनवर बसला. सॅनफ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचं ते कोठार. १९९६ पासून ते जगभरच्या पानांच्या नकला उतरवून ठेवतात, कुणी न सांगता. आमच्याही काही उतरवल्या होत्या. फोटो बहुतेक नव्हते, पण एकवीस नोंदी अक्षरासकट मिळाल्या. परक्याच्या बळदात सापडलेली आमचीच ज्वारी. आजी असती तर तिला काय सांगितलं असतं कोण जाणे. शिवाय धाकट्याला एक गोष्ट आजही टोचते. काढून टाकलेला तो फुकटचा ब्लॉगस्पॉट ठेवला असता तर तो आजही उभा असता. कंपनीने दार लावलं नाही. दार आम्हीच लावलं.

म्हणून कुणी नवखा विचारायला आला, की ब्लॉग सुरू करायचाय, होस्टिंग कुठलं घेऊ, तर मी आधी त्याला होस्टिंग घेऊच देत नाही. सहा महिने फुकटच्या जागेवर लिही म्हणते. बहुतेकांचं लिखाण सहाव्या नोंदीला संपतं, त्याला भाडं कशाला भरायचं? टिकलास तर पहिल्यांदा नाव घे, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या घरच्या ईमेलवर. नोकरीच्या नाही, मित्राच्या नाही, साइट करून देणाऱ्या पोराच्या तर मुळीच नाही. ते नाव फुकटच्या ब्लॉगलाही जोडता येतं. होस्टिंग त्यानंतर, आणि शक्यतो दुसऱ्या दुकानातून. घेताना दुसऱ्या वर्षाचा भाव विचारायचा, सर्व्हर मुंबईत आहे का ते विचारायचं, कारण वाचणारे इथले, आणि रात्री नऊला फोन केला तर माणूस बोलतो का ते पैसे भरण्याआधी करून बघायचं. कुलपाचं चिन्ह दाखवणाऱ्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे मागितले तर उठून यायचं. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे ते गेली कित्येक वर्षं फुकट मिळतं. आणि बॅकअप घरात, पेन ड्राइव्हवर, दर महिन्याच्या अमावस्येला. तारीख मी मुद्दाम अशी धरली, विसरायला होत नाही.

नवं नाव घ्यायला २०२२ च्या येळ्ळ अमावस्येला सगळे निंबर्ग्याला जमलो. शेतात कडब्याची खोप, आंबील, भज्जी, आणि खोपीच्या सावलीला धाकट्याचा लॅपटॉप. अण्णाचा हट्ट, की पत्ताही देवनागरीत हवा. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, ते घ्या. बापूने त्याला भाचीच्या मोबाइलवर तो पत्ता टाइप करून दाखवायला सांगितलं. अण्णाने चार वेळा प्रयत्न केला, मग भज्जी वाढून घेतली. डॉट इन ठरलं. पुढे अर्जात मालकाच्या नावाची चौकट आली. धाकट्याने हात आखडला. अण्णा म्हणाला, माझं वय झालं. बापू म्हणाला, मी विसरतो. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाड्याच्या त्या पत्त्यावर आज मालक म्हणून माझं नाव आहे. दहा वर्षांचे पैसे एकदम भरलेत, त्याहून जास्त भरता येत नाहीत. संकेतशब्द एका पाकिटात घालून लातूरच्या भाचीकडे दिलाय, आणि मुदतीची तारीख दरवर्षी जानेवारीत नव्या कालनिर्णयच्या मागे उतरवते.

बापूच्या रहस्यकथेचे पहिले तीन हप्ते तिथे टाकलेत. चौथ्याचं पान मोकळं ठेवलंय. बापूला विचारलं, अरे तूच लिही ना परत. तो म्हणतो, खुनी कोण होता ते मलाच आठवत नाही. १९८४ चा अंक, निळी-काळी शाई, मुखपृष्ठावर रांगोळी, शिवण दाभणाची. उमरगा ते लातूर या पट्ट्यात कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, लग्नाच्या जुन्या अल्बमखाली असा काही कागद निघाला तर कळवा. शेवटच्या दोन पानांचा फोटो पाठवला तरी चालेल. लहान करून पाठवा.